फिल्टर फाडून सांगणारा माणूस

जव्हारच्या स्टँडपासून थोडं खाली माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि गावात मला फाड्याशेट म्हणतात. खरं आडनाव फक्त लाइटबिलावर येतं. हे नाव मी स्वकष्टाने मिळवलेलं आहे. कोणी गाडीचा जुना ऑइल फिल्टर फेकायला निघाला की मी तो मागून घेतो, कापतो, आतला कागद काउंटरवर पसरतो आणि त्या माणसाला त्याच्या इंजिनाचं भविष्य सांगतो. त्याने विचारलेलं नसतं. बहुतेकांना फक्त घरी जायचं असतं.

माझी बायको मंगल म्हणते, "दुसरे लोक हात बघून सांगतात, तुम्ही घाण बघून सांगता. खरं दोघांचंही सारखंच ठरतं." तिच्या बोलण्यात तथ्य आहे, म्हणून मी ते मनावर घेत नाही.

ज्यांचा गाडीशी संबंध फक्त आत बसण्यापुरता आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनात तेल फिरत असतं. फिरता फिरता ते काजळी, धूळ, झिजलेल्या धातूचे कण असं सगळं सोबत घेतं. ते गाळायला इंजिनाच्या कडेला तांब्याएवढा एक पत्र्याचा डबा लावलेला असतो. त्याच्या आत घड्या घातलेला कागद असतो आणि खरं काम तो कागद करतो. कागद विरळ असला तर घाण आरपार जाते. फार दाट असला तर तो लवकर तुंबतो. तुंबला की डब्यातली स्प्रिंगची झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जातं. कंपनीने मुद्दाम तशी सोय केलेली असते, कारण इंजिनाला घाण तेल एक वेळ चालतं, कोरडं राहणं चालत नाही. शिवाय आत रबराची एक चकती असते. गाडी बंद असताना डब्यातलं तेल खाली उतरू नये म्हणून ती असते. आमच्याकडचे जीपवाले घाटात उताराला इंजिन बंद करतात आणि खाली आल्यावर गिअर टाकून चालू करतात, त्यामुळे त्या चकतीची आमच्याकडे फार परीक्षा होते.

आता दोन डब्यांत चांगला कोणता, हे बाहेरून कळत नाही. रंग तोच, छपाई तीच, चकचकीत शिक्कासुद्धा तोच. म्हणून मी नवे फिल्टरही कापतो. घड्या एकसारख्या आहेत का, जोडावर गोंद पुरता लागलाय का, ते बघतो. कागद उलगडून जमिनीवर पसरतो. एकाचा कागद दुकानाच्या दारापर्यंत येतो, तर तशाच दिसणाऱ्या दुसऱ्याचा काउंटरच्या कोपऱ्यालाच संपतो. कागद उन्हाकडे धरतो. त्यावर पाण्याचा थेंब टाकतो. चांगल्या कागदावर थेंब उभा राहतो, हलका कागद तो पिऊन टाकतो. एकदा एका स्वस्त फिल्टरच्या बुडाला पत्र्याऐवजी पुठ्ठा निघाला आणि त्यावर बिस्किटाच्या खोक्याची छपाई होती. तो मी अजून प्लायवूडच्या फळीवर ठोकून ठेवलाय. विकायचे फिल्टर स्वतःच कापून टाकणारा दुकानदार किती नफ्यात असतो, याचा हिशेब मंगलने माझ्यासमोर कधी केलेला नाही, ही तिची थोरवी.

हे शास्त्र मला कोणी शिकवलं नाही, आणि ते दिसतंच. सुरुवातीला मी हॅक्सॉ ब्लेडने कापायचो. ते वर्ष फार रोमांचक गेलं. जो फिल्टर कापावा त्यात लोखंडाचा चकचकीत चुरा. जव्हार आणि मोखाडा तालुक्यातली झाडून सगळी इंजिनं मरणपंथाला लागली आहेत असं माझं मत झालं आणि ते मी लपवून ठेवलं नाही. एका टेम्पोवाल्याने घाबरून टेम्पो विकायला काढला. मग एकदा हौसेने नवाकोरा फिल्टर कापला, तर त्यातही चुरा. तो माझ्या ब्लेडचा होता. त्यानंतर मी फॅब्रिकेशनवाल्याकडून डबा सोलत जाणारं गोल फिरणारं कटर करून घेतलं. टेम्पो तोवर विकला गेला होता. तो अजून चालतो.

गिऱ्हाइकंही माझ्या तोलामोलाची. एक जण नारळ घेतल्यासारखा प्रत्येक फिल्टर कानाशी हलवून बघायचा आणि ज्यात आवाज येईल तो भरलेला म्हणून घ्यायचा. एका ट्रॅक्टरवाल्याने जुना फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन दोरीवर वाळत घातला होता, मुलांच्या चड्ड्यांच्या शेजारी. जव्हारजवळचं शिवाजी महाराजांचं ठिकाण शिरपामाळ बघून परतणारा एक मोटारवाला दुकानात आला आणि म्हणाला, "काचतंतूचा मीडिया असलेला फिल्टर आहे का?" तोवर मी तसलं काही ऐकलंही नव्हतं. मी म्हणालो, "कालच संपला." न ऐकलेली प्रत्येक वस्तू माझ्या दुकानात कालच संपलेली असते. नंतर मोबाईलवर शोधून काढलं, की कागदात काचेचे बारीक धागे मिसळले की बारीक घाण अडते आणि तेलही वाहतं राहतं. मग मी तसे फिल्टर मागवले आणि लोकांना असं सांगू लागलो जणू काच मीच कातलीय.

या सगळ्यांत माझं मनापासून ऐकणारा एकच, देवराम. तो पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावरचा. तो आणि त्याची बायको दिवाळी झाली की जगायला जायची. वीटभट्टीवर कामाला बाहेरगावी जाणं, त्याला आमच्याकडे जगायला जाणं म्हणतात. पाऊस लागायच्या आधी परत. मग देवरामने ठाण्याकडे ड्रायव्हरकी केली आणि एक जुनी जीप घेऊन आला. पोशेरा, मोखाडा, जव्हार अशा फेऱ्या मारू लागला. माणसं, नागलीची पोती, पहाटे मोगऱ्याची गाठोडी, आजारी म्हातारी, सगळं त्या जीपमध्ये. तेव्हापासून ते घर भट्टीवर गेलं नाही. त्याची पोरगी मोखाड्याच्या शाळेत दहावीत पोचली होती, ती त्या जीपमुळे. त्या घरातून तिच्याआधी कोणी तेवढं शिकलं नव्हतं.

मागच्या दसऱ्याला देवरामने गाडीचं तेल बदललं आणि माझ्याकडचा सगळ्यात चांगला, तो काच मिसळलेला फिल्टर नेला. स्वस्तातला नेणार होता, पण मी दोन्ही कापलेले समोर ठेवून त्याचं एवढं प्रबोधन केलं की बिचाऱ्याची एक फेरी चुकली.

दिवाळी जवळ आली तसा तो तोच फिल्टर पिशवीत घेऊन आला. गाडीवर दुसरा कुठला तरी जुना चढवला होता.

"शेट, ऑइलचा लाल दिवा पेटतो न् इजतो," तो म्हणाला. "चढाला रेस दिली का पेटतो. खाली उभी केली का नाय पेटत."

मी "हं" म्हणालो. तेलाचा दाब कमी पडला की तो दिवा पेटतो, पण खरं तर मी ऐकत नव्हतो. माझ्या हातात कटर आलं होतं आणि कटर हातात आलं की माझे कान बंद होतात. डबा सोलला, कागद काढला, पसरला. घड्यांच्या खोबणीत लालसर थर होता.

मी लोहचुंबक फिरवलं, काही चिकटलं नाही. म्हणजे लोखंड नव्हे. इंजिनाचा फिरता दांडा, म्हणजे क्रँक, ज्यावर टेकतो त्या बेअरिंगला वर मऊ पांढुरक्या धातूचा थर असतो आणि त्याच्या खाली तांब्याचा. वरचा झिजून गेला की खालचं तांबं तेलात उतरायला लागतं. तांबं लोहचुंबकाला चिकटत नाही. सगळं कसं बरोबर जुळलं. इतकं बरोबर माझं आयुष्यात काही जुळलं नव्हतं.

"देवराम, बेअरिंग गेलं," मी म्हणालो. "इंजिनाचं काम निघालं. आता चालवू नको, नाहीतर क्रँकही जाईल."

तो कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "इंजिन उतरवायचं म्हंजे मंग या साली जावं लागल."

"कुठे?"

"भट्टीला. मुकादम फिरतोच आहे पाड्यावर."

"आणि पोरगी?"

"आजीजवळ राहील. नायतर येईल संगं. एकटी आजी काय करल?" तो उठला. "तुमी सांगितलंत बरं झालं. घाटात बंद पडली असती तं माणसं मेली असती."

एरवी माझ्या भविष्याला कोणी बरं झालं म्हणत नाही. त्याने म्हटलं, आणि मी उगीच कटर पुसायला घेतलं.

जेवताना मंगलला सांगितलं. ती म्हणाली, "नक्की ना?"

"तांबं डोळ्यांनी बघितलं."

"चष्मा लावून?"

चष्मा होता. कपाळावर होता. मी आमटी मागून घेतली आणि विषय बदलला, पण माझं जेवणावरून मन उडालं होतं. त्या घराचं वर्ष मी एका कागदाच्या पट्टीवरून ठरवून टाकलं होतं, आणि ते खरं असलं तरी मला वाईट वाटत होतं, खोटं असलं तर काय, हा विचार तर मी करतच नव्हतो.

देवरामने जीप टोचन लावून मोखाड्याला बाळू मिस्त्रीच्या गॅरेजात नेली. मुकादमाला येतो म्हणून सांगूनही ठेवलं. बाळू हा माझा जुना दोस्त, म्हणजे माझ्या अकलेचं माप त्याच्याकडे पूर्वीपासून आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"शेट, इंजिन उतरवायचं तुम्ही सांगितलंत म्हणे."

"हो. बेअरिंग."

"दिवा कधी पेटतो विचारलंत का त्याला?"

मला आठवलं. मग हेही आठवलं की बेअरिंग झिजलं तर दिवा गाडी हळू चालू असताना पेटायला पाहिजे, रेस दिल्यावर नव्हे. रेस दिल्यावर पेटतो याचा अर्थ तेल वर खेचायला कुठेतरी अडतंय. हे मला येतं. मी दुसऱ्यांना शिकवतो.

"मी आधी खालचं चेंबर उतरवतो," बाळू म्हणाला. "तुमचं तांबं मागनं बघू." चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाचा तेलाचा टोप.

मी दुकान मंगलवर सोपवून मोखाड्याची गाडी पकडली. बाजाराचा दिवस होता. गॅरेजात पोचलो तेव्हा चेंबर उतरलं होतं आणि बाळू जीपखालून बाहेर येत होता. देवराम चाकाला टेकून उभा होता.

"या शेट," बाळू म्हणाला. "आत भात लावलाय कुणीतरी. जेवूनच जा."

तेल खेचणाऱ्या नळीच्या तोंडाला एक जाळी असते. ती जाळी तांदळाने गच्च भरली होती. तेलाने काळे पडलेले, पण अख्खे दाणे. बाळूने एक बेअरिंग मुद्दाम खोलून दाखवलं. ते आरशासारखं होतं. मी आणलेल्या पिशवीत एका नव्या फिल्टरबरोबर ती कागदाची पट्टी होती. ती पेट्रोलमध्ये धुतली आणि खालच्या फडक्यावर लाल रंग उतरला. वास घेतला. आता चष्मा डोळ्यांवर होता.

ते कुंकू होतं.

या घटनेत माझी अब्रू गेली, हे खरं. पण माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "बाळू, बघ बघ, एवढं बारीक कुंकू, पण कागदाने कसं धरलंय! पलीकडची बाजू कोरी आहे." समोर एका माणसाचं वर्ष टांगलेलं होतं आणि मी माल विकत होतो. बाळूने माझ्याकडे असं बघितलं की मी पट्टी परत पिशवीत घातली. पुढे दुकानात मी तेलात कुंकू कालवून सगळ्या फिल्टरांचे कागद तपासले. स्वस्तातल्या कागदाखालचं तेल लाल व्हायचं, चांगल्याखालचं नाही. माझी एवढ्या वर्षांची थेंबाची आणि उन्हाची परीक्षा त्यापुढे काहीच नाही. मंगलने देव्हाऱ्यातला करंडा लपवून ठेवला तेव्हा तो प्रयोग थांबला.

पण त्या दिवशी प्रश्न होता की तांदूळ आणि कुंकू इंजिनात गेलं कसं. कोणीतरी खोडसाळपणा केला असं बाळूला वाटलं. देवराम ते दाणे बोटांनी चोळून बघत होता. मग म्हणाला, "आये बाजारात आहे. घेऊन येतो."

त्याची आई आली ती डोक्यावर भाजीची पाटी घेऊनच. चेंबरमधले दाणे बघितले आणि पाटी खाली ठेवली.

"तूच का गं?" देवरामने विचारलं.

"मीच," ती म्हणाली. "नवं दिलं."

मला कळायला थोडा वेळ लागला. त्या पाड्यांवर नवा भात आला की आधी देवाला, मग घरातल्या कमावणाऱ्या जिवाला, आणि मग माणसांनी खायचा. बैलाला घास देतात. कुंकू लावून.

"बैल इकले," म्हातारी म्हणाली. "आता घर ह्या गाडीव चालतं. मंग तिला नको? समद्यांनी नवं खाल्लं न् ती उपाशी?"

"आये, पण आत कशाला टाकलंस?"

"मंग कुठं टाकू? बैलाला घास तोंडात देतात. तू तेल वतलंस तवा बघून ठेवलं व्हतं तिचं तोंड कुठं आहे तं."

बाळू हसायला लागला होता, तो थांबला. देवरामने मान खाली घातली. मी पुढे झालो, कारण समजावून सांगणं हा माझा प्रांत. इंजिन काय असतं, तेल कसं चढतं, जाळी कशी तुंबते, हे सगळं मी तिला सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"मंग तिनं खाल्लं नाय?"

"नाही मावशी. तिच्या घशात अडकलं."

तिचा चेहरा उतरला. इंजिन उतरवायला निघालं, मुलगा भट्टीवर जायला निघाला, हे कळलं तेव्हाही तो एवढा उतरला नसेल. ती पाटीजवळ जाऊन बसली आणि दुपार होईपर्यंत बाजारात परत गेली नाही.

बाळूने जाळी साफ केली, चेंबर बसवलं. मी जवळच्या दुकानातून तेल आणलं आणि माझ्या पिशवीतला नवा फिल्टर काढून दिला. बाळूने तो हाताने आवळला. देवरामने चावी फिरवली. लाल दिवा पेटला आणि विझला. देवरामने रेस दिली, आणखी दिली. दिवा विझलेलाच राहिला. तो उतरला, गॅरेजच्या कोपऱ्यात गेला आणि फोन लावला. "मुकादम, या साली आमी येत नाय," एवढं मला ऐकू आलं. पुढचं तो काय बोलला ते कळलं नाही, पण परत आला तेव्हा डोळे पुसत होता आणि धुरामुळे झालं म्हणाला. गाडी तेव्हा बंद होती.  मी बाळूला उगीच विचारलं की फिल्टरचा वायसर नीट बसला का.

बॉनेट बंद करणार तेवढ्यात म्हातारी उठली. कमरेची पुडी सोडली.

"आये, आता नको," देवराम म्हणाला.

"आत नाय टाकत. वरतं लावते." ती माझ्याकडे वळली. "तुमीच सांगा. वरतं कुठं लावलं तं चालल? बॉनेटला लावलेलं धुरळ्यानं जातं."

मी वाकून फिल्टरचा डबा दाखवला. इंजिनाच्या कडेला, आडोशाला होता. तिने आत हात घातला, अंदाजाने पत्र्यावर कुंकू लावलं आणि दोन दाणे त्या तेलकट ओल्या कुंकवावर दाबून बसवले. हात काढला आणि माझ्याकडे बघितलं.

"हे आत जातं ना?"

बाळू माझ्याकडे बघायला लागला. देवरामही. पत्र्यातून काय आत जातं आणि काय जात नाही, हे लोकांना बजावून सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. त्यासाठी किती फिल्टर फाडलेत त्याची गणती नाही.

"जातं, मावशी," मी म्हणालो. "सगळं जातं."